पांढरा हलला होता

दुपारचं जेवण झाल्यावर अच्युतराव सबनीस नेहमीप्रमाणे डाव्या कुशीवर पडतात. पंखा फिरतोय. चार दिवस राहायला आलेली त्यांची लेक रेवती स्वयंपाकघरात भांडी विसळतेय. डोळे मिटतात न मिटतात तोच भांड्यांचा आवाज लांब लांब जातो आणि पायांखाली क्लबची हिरवळ येते.

समोर मंदाकिनीबाई. त्यांना जाऊन अकरा महिने झाले, पण टोपी तीच आणि टोपीखालून सुटलेली बटही तीच.

"किती वेळ लावलात? वीस-वीस झालेत," त्या म्हणतात.

लॉन बोल्स हा तसा पेन्शनरांना शोभणारा खेळ. छोटा पांढरा चेंडू लांब ठेवायचा आणि आपला वजनदार काळा चेंडू घरंगळत त्याच्या जवळात जवळ न्यायचा. काळा घडवलेलाच असा की सरळ सोडला तरी वळण घेऊन जातो. ज्याचा जवळ त्याला गुण, आणि आधी एकवीस करील तो जिंकला. सबनीस नवरा-बायको साठीनंतर हे शिकले आणि गेल्या वर्षी क्लबच्या अंतिम सामन्यात चक्क एकमेकांसमोर उभे ठाकले. त्यांच्या क्लबात पंच नसतो. अंतर खेळाडूनंच टेपनं मोजायचं, आणि मोजताना पांढऱ्याला धक्का लागला तर आपणच "हलला" म्हणून गुण समोरच्याला द्यायचा. सगळं भरवशावर.

त्या दिवशी मोजायला अच्युतराव वाकले होते. टेपचं टोक लागून पांढरा नखभर सरकला. जिंकायची अशी हाव सुटली होती की अच्युतराव बोललेच नाहीत. मंदाकिनीबाईंनी हसून हात मिळवला आणि पुढे महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत सुटल्या, "ह्यांनी मला हरवलं बरं का!" त्या कौतुकानं तर अच्युतरावांचं तोंडच शिवलं गेलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता त्याच गेल्या.

आता मात्र सांगायचंच. "मंदा, ऐक..."

"आधी मोजा."

ते गुडघ्यांवर बसतात. गवत ओलं आहे. टेप ओढतात तर ती संपतच नाही. पांढरा चेंडू हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या पार टोकाला, फरशीवर. मंदाकिनीबाई टोपीसकट स्ट्रेचरच्या कडेवर पाय हलवत बसल्या आहेत.

"कुणाचा जवळ?"

अच्युतरावांचं तोंड उघडतं, आवाज फुटत नाही.

"बोला की. एरवी किती तोंड चालतं!"

पुन्हा टेप ओढतात. आता घरातलीच बैठकीची खोली, चेंडू सोफ्याखाली, आणि मंदाकिनीबाई दाराशी चपला घालताहेत.

"थांब ना. निघालीस कुठे?"

"फेरी संपली की पलीकडच्या टोकाला जायचं असतं. इतकी वर्षं खेळताय, एवढं कळू नये?"

त्या बाहेर पडतात. बाहेर पुन्हा हिरवळ, पण तिला पलीकडचं टोकच नाही. अच्युतरावांना उठता येत नाही. ते रांगत रांगत त्यांच्या मागे जातात, छाती फुटायची वेळ येते, आणि एकदाचा आवाज फुटतो.

"हलला होता! मंदा, माझ्या हातून हलला होता!"

त्या वळत नाहीत. ऐकू गेलं की नाही, तेही कळत नाही.

"बाबा! काय हललं?" रेवती दारात उभी आहे, ओल्या हातांनी.

अच्युतराव उठून बसतात आणि सगळं सांगून टाकतात. वीस-वीस, टेप, नखभर, सगळं. रेवती ऐकते आणि हसते.

"एवढंच? अहो, आईनं तेव्हाच माफ केलं असतं तुम्हाला."

ते त्यांनाही ठाऊक आहे. पण ते मंदाकिनीबाईंच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि त्याला आता इलाज नाही.

"आणि हे काय लावून घेतलंत? सकाळीच तर धुतलेला पायजमा घातला होतात," रेवती वाकून पाहते.

दोन्ही गुडघ्यांवर हिरवे डाग, अजून ओले. ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो.

"द्या इकडे, लगेच धुतलं तर निघेल."

अच्युतराव दोन्ही तळव्यांनी गुडघे झाकून घेतात.

"राहू दे गं," ते म्हणतात. "राहू दे."