दोनदा बंद केलेली विंडो

माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नसते, असं मी तेव्हा तोंडावर सांगायचे. आजही बऱ्यापैकी तसंच आहे म्हणा! चादरींच्या डिझाइनचं अख्खं सॉफ्टवेअर सोलापुरात बसून एकटीने लिहिलंय मी, कुणाच्या बापाला भीत नाही.

तर अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात ते अधूनमधून मध्येच उडायला लागलं. तिथले डिझाइन मास्तर साठीला आलेले. उभा जन्म ग्राफ पेपरवर फुलं भरण्यात गेलेला. त्यांची दोन-दोन दिवसांची वेलबुट्टी क्षणात गडप व्हायची. मी फोनवरच सुनावलं, "मास्तर, सेव्ह करत जा की! काहीतरी भलतंच दाबत असणार तुम्ही." मालकाने तेच धरलं. आणखी एक डिझाइन गेलं तर मास्तरांना घरी बसवणार, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

पुन्हा फोन आला तेव्हा मी तणतणत गेले. मास्तरांशेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी रंग निवडायची छोटी विंडो उघडली, लाल घेतला आणि ती बंद करायला कोपऱ्यातल्या फुलीवर टकटक दोनदा क्लिक केलं. सगळा प्रोग्रॅम गायब!

"दोनदा कशाला हो?"

"तुमीच शिकवलं की मॅडम, दोनदा दाबलं की उघडतं. मग बंद करताना पण दोनदाच."

मी तिथेच माझा कोड उघडून बघितला. पहिल्या क्लिकला माझा प्रोग्रॅम ती विंडो जागच्या जागी मोडून तिची मेमरी सोडून देत होता. दुसरा क्लिक मागोमाग मेमरीतल्या त्याच पत्त्यावर यायचा, आणि तिथे आता विंडोच नाही, म्हणून सगळंच कोसळायचं. मी स्वतः एकदाच क्लिक करते, म्हणून माझ्याकडे कधी बिघडलंच नाही. खरं तर नवशिक्यालाही सांगतात, विंडोच्या हातात काम असताना तिला मोडू नये. आधी नुसती लपवायची, तिच्या नावाने आलेले निरोप, म्हणजे असे मागून येणारे क्लिक, संपू द्यायचे, मग मेमरी सोडायची आणि जुना पत्ता खोडून टाकायचा. आणि मी एवढी शहाणी, हेच विसरले होते!

तिथेच बसून दुरुस्त केलं, अर्धा तास लागला. मग मालकाला बोलावून स्पष्ट सांगितलं, "चूक माझी आहे. मास्तरांची अजिबात नाही."

"असं होय," म्हणत मालक निघून गेला.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, माझं डोकंच कामातनं गेलं. घरी पोरीला सांगितलं, आता हे जमत न्हाय मला."

"आता बिनधास्त दहादा दाबा," मी म्हटलं.

त्यांनी विंडो उघडली. बाण फुलीवर नेला, माझ्याकडे बघितलं आणि भीत भीत एकदाच दाबलं.

मालकाला सांगून झालं होतं, पण मास्तरांची माफी मागायची राहिलीच होती. ती मी तेव्हा मागितली.