फ्रिजमधली इडली

आमच्या घरातली आजवरची सर्वांत मऊ इडली बंद पडलेल्या फ्रिजमध्ये शिजली.

दोष बंगळुरूच्या हवेचा. इथल्या डिसेंबरात माझ्या बायकोचं, मंगलचं, डोशाचं पीठ फुगत नाही. संध्याकाळी जिथं ठेवावं तिथंच सकाळी, सरकारी फायलीसारखं निश्चल. उलट तिची थोरली बहीण, जयनगरची अक्का. तिचं पीठ म्हणे पातेल्याचं झाकण उडवून छताला लागतं. दर भेटीत अक्का आमच्या डोशाला बोटानं ढोसून विचारायची, "मंगल, ही भाकरी कशाची गं?" आणि रविवारी ती नाश्त्याला येणार होती.

"या वेळी पीठ फुगलं नाही, तर मी माहेरच सोडून देईन," मंगल म्हणाली.

"सोडतात ते सासर," मी सुधारलं.

"तेही विचारात आहे."

मी बोम्मसंद्र्याला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात मोठा साहेब. (मोठा, म्हणजे वयानं.) गॅलरीतल्या मेलेल्या फ्रिजची मी उबदार पेटी केली: आत हीटरची कॉइल, तापमान बघणारा थर्मोस्टॅट, आणि त्याच्या हुकमावर कॉइल चालू-बंद करणारा रिले. साधा बल्ब पुरला असता. पण ज्याच्या पॅनेलवर कारखान्यांच्या भट्ट्या चालतात, त्यानं काय बल्ब लावायचा?

रिले जुन्या पद्धतीचा. आतला चुंबक पत्र्याची पट्टी ओढतो, 'टक'. सोडतो, 'टक'.

"माधवराव," हॉलमधून सासूबाईंनी विचारलं, "फ्रिजात कोण कोंडलंय? केव्हाचं दार ठोठावतंय."

म्हणून शनिवारी मी सॉलिड-स्टेट रिले आणला आणि घरच्यांना गोळा करून भाषण दिलं. "यात हलणारं काहीच नाही. आत एक इवलासा दिवा लागतो, त्याचा उजेड समोरच्या सेमीकंडक्टरवर पडतो आणि तो वीज सोडतो. ठिणगी नाही, झीज नाही, आवाज नाही."

"मग चालू आहे की बंद, कळणार कसं?" मंगलनं विचारलं.

"कळायची गरजच पडत नाही. तेच तर त्याचं मोठेपण."

तो तापतो, म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची दातेरी पट्टी असते आणि तिला मोकळी हवा लागते, हे मी शेवटी सांगितलं. तोवर श्रोते स्वयंपाकघरात गेले होते.

आता सासूबाईंविषयी. त्यांना उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला झालर, मिक्सरला झबलं, आणि गॅसचा सिलिंडर तर असा नटवलेला की पाहुणे त्याला नमस्कार करतात. फ्रिजवर उघडाबोडका, दात विचकून बसलेला रिले दिसल्यावर त्या माउलीनं संध्याकाळी त्याला लोकरीची टोपी घातली. कानांसकट.

रिले गुदमरला आणि गेला. जुना रिले मेला असता तर टकटक थांबली म्हणून गल्ली जागी झाली असती. हा जिवंतपणी गप्प, मेल्यावरही गप्प. वर त्याची खोड अशी की मरताना बहुधा चालूच राहतो. कॉइल रात्रभर तापत राहिली.

सकाळी वास आला. दार उघडलं, तर आतलं प्लास्टिक मेणासारखं लोंबत होतं आणि पातेल्यात काठोकाठ फुगलेलं पीठ फुगल्या जागी शिजून बसलं होतं. एकच इडली. उशीएवढी.

तेवढ्यात बेल वाजली. अक्का.

मंगलनं पातेलं परातीत उपडं केलं. इडली धप्पकन पडली आणि हलत राहिली. अक्कानं सवयीनं बोट ढोसलं. बोट आत गेलं.

"हे काय गं?"

"इडली. फ्रिजमध्ये केली."

"फ्रिजमध्ये?"

"कशात केली ते सोड." मंगलनं सुरीनं मधोमध कापून इडली तिच्या नाकाखाली धरली. "जाळी बघ. फुगलं होतं की नाही, एवढंच सांग."

अक्का बराच वेळ जाळी न्याहाळत राहिली. मग चटणी लावून एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"सरी," तिनं कानडीत मान्य केलं. "फुगलं होतं."

मंगल जिंकली. माझ्या यंत्राबद्दल मी दोन शब्द बोलणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "टोपीनं ऊब धरली ना!" अक्कानं मान डोलावली, मंगलनंही डोलावली.

तेव्हापासून सासूबाई आमच्या कारखान्यातल्या रिलेंसाठी टोप्या विणताहेत. मापं मीच आणून दिलीत.