‘झिवोत’ म्हणजे काय

नारायण पेठेतला छापखाना बंद पडला आणि वडील घरी बसले. ते तिथे बाइंडिंग करायचे. आई कोथरूडला पोळ्या करायची, तिने आणखी घरं धरली. संध्याकाळी घरी आली की तिच्याने ताटही उचलवत नसे. मी नुकतीच बारावी झालेली. नातेवाइकांचं एकच म्हणणं, हिला एखाद्या दुकानात चिकटवा. मी म्हटलं, मी कॉलेज करणार. तोवर आमच्या घरात कुणी कॉलेजला गेलंच नव्हतं.

बी.ए.च्या जोडीला मी रशियन घेतलं. आई जिथे पोळ्या करायची तिथल्या एक काकू तिला म्हणाल्या, “रशियन? मग आता मुलगी मॉस्कोत पोळ्या लाटणार का?”

“लाटील नाहीतर वाचील. तुमची गार होतेय काकू, खाऊन घ्या,” आई म्हणाली. हे मला सांगताना ती खूश होती.

पदवी मिळाली, खराडीत नोकरी लागली. प्रोबेशनवर. परदेशी विमा कंपन्यांच्या कागदांचं मशीन भाषांतर करायचं, ते तपासून आम्ही पास करायचं. माझ्याकडे रशियन. घर आता माझ्या पगारावर चालत होतं, त्यामुळे मी कायम होणं हा एकटीचा प्रश्न नव्हता.

प्रोबेशन संपत आलं आणि टीम लीडने बल्गेरियन फाइल्स माझ्याकडे ढकलल्या. मला बल्गेरियन येत नाही, म्हटलं. तर म्हणे लिपी तीच आहे ना, आणि क्लायंटला आपण हो म्हणून बसलोय.

पहिल्याच पानावर ‘झिवोत’ हा शब्द होता. रशियनमध्ये झिवोत म्हणजे पोट. मशीनमध्ये फाइलची भाषा रशियन टाकलेली, म्हणून मशीननेही सगळीकडे पोटच लावलं होतं. पोटाचा विमा. मला हसू आलं. मग कोश उघडला. बल्गेरियनमध्ये, सर्बियनमध्येसुद्धा, झिवोत म्हणजे आयुष्य. एका बाईचा नवरा गेला होता, ती आयुर्विमा मागत होती, आणि आम्ही तिचा कागद पोटाच्या आजारांत घालणार होतो. हा एक शब्द मला दिसला. न दिसलेले किती असतील?

मी फाइल पास करणार नाही म्हणून सांगितलं.

“मग कन्फर्मेशनच्या वेळी मला तसं लिहावं लागेल,” टीम लीड म्हणाला.

मी नेपाळी बातम्यांचं एक पान उघडलं आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. “सर, हे वाचा. देवनागरीच आहे.”

त्याने खडाखड वाचलं. मग म्हणाला, “थोडं थोडं कळतंय की.”

“मलाही बल्गेरियन तेवढंच कळतं. तेवढ्यावर हे तुम्ही तुमच्या नावाने पास कराल?”

शेजारची मैत्रीण कीबोर्डकडे बघत म्हणाली, “करा की सर, लिपी तीच आहे.”

फाइल्स परत गेल्या. माझं प्रोबेशन मात्र वाढवलं. घरी सांगितलं. आई म्हणाली, येत नाही तर शीक.

ऑनलाइन क्लास लावला. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत धडे केले. रशियन येणाऱ्याला बल्गेरियन सोपं जातं म्हणतात. मला जड गेलं, कारण ओळखीच्या प्रत्येक शब्दावर आधी संशय घ्यायचा होता. घेतला.

परीक्षा पास झाले. नोकरीत कायम झाले. आज आमच्या ऑफिसातून बल्गेरियन कागद मी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.