दिल्लीच्या सूर्यास्तात उरकलेला भोगावतीकाठचा प्रदोष

कोल्हापूरला जायचं ठरलं ते मावशीच्या फोनमुळे. "पंधरा दिवसांनी प्रदोष आहे. माझा शेवटचा. येतेस का?" एवढंच ती म्हणाली. मी व्रतं करत नाही, हे तिला माहीत आहे. मीही फक्त कुठली बस घ्यायची ते विचारलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दर पंधरवड्याच्या त्रयोदशीला संध्याकाळी शंकराची पूजा करतात, तो प्रदोष. दिवसभर उपास. पूजेची वेळ सूर्यास्तापासून पुढचे साधारण दोन तास. पूजा झाल्यावर दिवा लावून उपास सोडायचा. मावशी महिन्यातून दोनदा हे करते, मला आठवतंय तेव्हापासून. आता तिला मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलंय. तिनं एक मुदत मागून घेतली: एकच प्रदोष, माहेरच्या गावातल्या देवळात, नीट वेळेवर, मग बंद. 'नीट वेळेवर' हे शब्द तिचेच. पुढचं सगळं या दोन शब्दांवरून झालं, म्हणून आधीच सांगते.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. तिकीट पाचशेच्या आतबाहेर. हायवेचं काम जागोजागी चालू आहे, त्यामुळे पाच तासांचा हिशेब करून निघाल तर चुकाल. मला साडेसहा लागले. स्टँडवरून राजारामपुरीला रिक्षा. मावशीचा फ्लॅट एका क्लासच्या वर आहे, जिन्यात चपलांचा ढीग असतो. संध्याकाळी खाली जाऊन मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस देतात आणि कट वेगळा, हवा तेवढा. तिखट आहे, पण डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी केलेलं तिखट नाही.

दुसऱ्या दिवशी प्रदोष. मावशीच्या शेजारच्यांच्या ओळखीचे तानाजीदादा गाडी घेऊन आले. गाव राधानगरी रस्त्यावर, भोगावतीच्या काठी आहे. नाव मुद्दाम देत नाही. अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. चारला निघालो, म्हणजे पाचपर्यंत पोचायला हरकत नव्हती. पण उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्या रस्त्याच्या मधून चालतात आणि मागच्याचा हॉर्न ही त्यांच्या लेखी करमणूक असते. या दिवसांत या रस्त्यावर निघालात तर दीड तास जास्तीचा धरा.

"दादा, पोचू ना सूर्यास्ताच्या आत?" मी दोनदा विचारलं.

"अहो ताई, सूर्य कुठं पळून चाललाय व्हय? त्यो आपल्या बरोबरच हाय की," तानाजीदादा म्हणाले.

मावशी हसली. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. चारला निघताना मी तिची साखर मोजली होती, ब्याण्णव. आमचा करार असा होता: सत्तरच्या खाली आली की तोंडात गूळ जाईल, प्रदोष असो वा नसो. गुळाचा खडा माझ्या खिशात होता.

पाच बेचाळीसला देवळापाशी उतरलो. ही वेळ मी फोनवर पाहिली, कारण माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती बरोबर दाखवतात का ते तपासण्याचं आहे आणि पोचल्याची वेळ बघायची सवय सुटत नाही. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, समोर मोठा काळा नंदी. नंदीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेवर, सूर्य अजून दोन बोटं वर होता.

आणि देवळाच्या दाराला कुलूप होतं.

दार जुनं, जाड लाकडाचं. कुलूप नवं, पितळी. शेजारच्या सभागृहातून जेवणाच्या पंगतीचा आवाज येत होता. बाहेर पायरीवर पन्नाशीच्या एक बाई समया पुसत बसल्या होत्या. त्या गुरवमामी, देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात आहे. मावशीला त्यांनी ओळखलं.

"आक्का, उशीर केलासा की. झाली पूजा."

"झाली?" मावशीनं वळून सूर्याकडे पाहिलं.

मामींनी समईवरून मान वर केली नाही. "मी बोलले त्यास्नी. आमचं सासरं नंदीच्या शिंगावरचं ऊन गेल्याबिगर घंटीला हात लावत न्हवतं. पर आता कमिटी हाय. मोबाईल हाय."

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी हात पुसत बाहेर आले. चाळिशीचे, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला किल्ल्यांचा जुडगा.

"या पावणं. पूजा आवरली, पर महापरसाद घेऊन जावा."

"प्रदोष सूर्यास्तानंतर असतो ना?" मी विचारलं.

"सूर्यास्त झाला की. पाच चोवीस."

मी डोंगराकडे बोट केलं. ऊन त्यांच्या तोंडावर होतं, त्यांनी डोळे बारीक केले होते.

"त्यो दिसतोय हो," ते म्हणाले, "पर पंचांगाच्या ॲपवर मावळलाय. आमी गेल्या दिवाळीपासनं ॲपवरच करतोय. लाइव्ह असतंय आमचं, मुंबई-पुण्यातली लोकं बघत्यात."

मी फोन मागितला. त्यांनी दिला, ते त्यांचं सौजन्य. मी ॲप उघडून सेटिंगमध्ये गेले. शहर: नवी दिल्ली. कोणी बदललंच नव्हतं. हिवाळ्यात दिल्लीचा सूर्य कोल्हापूरच्या अर्धा तासभर आधी मावळतो. मी शहर बदलून कोल्हापूर केलं आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. सूर्यास्त, पाच अठ्ठावन्न.

मावशी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. ती शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं मी पोरांना अक्षांश-रेखांश शिकवले. दिल्लीचा सूर्य इथं मावळायला लागला असेल तर सरकारला सांगा, माझी पेन्शन परत घ्या."

गुरवमामी खाली मान घालून हसल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी आकडा पाहिला, परत पाहिला. त्यांना कळलं होतं, यात मला शंका नाही. मग त्यांनी सभागृहाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"ताई, आत चाळीस-पन्नास माणसं जेवायला बसल्यात. सगळ्यांचा उपास हाय. आता दार उघडून परत पूजा केली, तर ती म्हणणार, आमचा उपास दिवसाउजेडीच मोडलासा. दिवाळीपासनचे सगळे परदोष काढतील माझ्या नावानं."

"मोडलाच आहे तो."

"पुढच्या खेपेला बघू की. बरोबर टाईम टाकतो." त्यांनी फोन खिशात ठेवला.

"हिची पुढची खेप नाही," मी म्हटलं. "दहा मिनिटं दार उघडा. आम्ही कोणाला काही बोलणार नाही."

"तसं न्हाय चालत. एकाला उघडलं की सगळ्यास्नी दिसतंय." आणि ते आत गेले. वाढप्याला भात आणायला सांगितलेलं मला बाहेर ऐकू आलं.

चूक झाली याचा मला राग नाही. चुकीचं सेटिंग असलेलं उपकरण मी रोज बघते, दुरुस्त करते, सही करते. राग याचा आहे की आकडा समोर दिसल्यावर माणसानं किल्ली खिशातच ठेवली. पश्चिमेला तोंड केलेल्या देवळात, सूर्याकडे बघत, सूर्य मावळला म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि देवळाचं कुलूप त्याच्याच ताब्यात होतं.

मी मावशीची साखर मोजली. चौऱ्याहत्तर. तिचा हात गार होता.

"चल परत," मी म्हटलं.

"थांब." ती नंदीच्या मागे जाऊन बसली. पिशवीतून पणती, वात, बेलाची पानं काढली. प्रदोषाला नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतात. तिनं वाकून शिंगांमधून पाहिलं. समोर दार, दाराच्या मधोमध कुलूप, कुलपावर ऊन.

डोंगर उंच असल्यामुळे ते ऊन पाच चोपन्नला गेलं. शिंगं काळी झाली. गुरवमामींनी समई खाली ठेवली. "आक्का, लावा आता. आमच्या सासऱ्यांनी लावला असता."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तुझं घड्याळ काय म्हणतंय?"

मी 'झाला' म्हणू शकले असते. गुळाचा खडा माझ्या मुठीत चिकट झाला होता.

"अजून चार मिनिटं," मी म्हटलं.

"मग थांबते."

ती थांबली. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले, थरथरतात का ते. गुरवमामी उठून तिच्या पाठीशी बसल्या, टेकायला. आतून पंगतीत कोणी तरी जिलबीवरून कोणाची थट्टा करत होतं. पाच अठ्ठावन्नला मी मान हलवली. मावशीनं पणती पेटवली, बेल नंदीच्या पाठीवर ठेवला, शिंगांमधून पाहत कुलपाला हात जोडले. दोन मिनिटं. मग तिनं स्वतः हात पुढे केला आणि मी गूळ दिला.

महाप्रसाद घेतला नाही. परतीच्या वाटेवर तानाजीदादांनी एका ठिकाणी गाडी थांबवून चहा आणि खारी घेतली, मावशीनं दूध घेतलं. "सेक्रेटरीला दिल्लीला धाडून द्या," ते म्हणाले, "तितं त्याचा टाईम बरोबर येतोय." मावशी खूप हसली. मी नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला आले. पंधरा दिवसांनी मावशीनं कमिटीचं पोस्टर मला पाठवलं. या वेळी सूर्यास्ताची वेळ कोल्हापूरची होती. खाली लिहिलं होतं, 'कमिटीने सखोल अभ्यास करून भाविकांसाठी सुधारित वेळ निश्चित केली आहे.'

मी फोन केला. "बरं झालं की," मावशी म्हणाली. "बाकीच्यांचं तरी वेळेवर होईल." मागे कुकरची शिट्टी झाली. ती संध्याकाळी साडेपाचलाच जेवायला बसणार होती, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. त्या दिवशी त्रयोदशी होती.

नाव न सांगताही गाव सापडलं आणि तुम्ही गेलात तर चारच्या ऐवजी अडीचला निघा, नंदीच्या मागे बसा, शिंगांवरचं ऊन बघा. देऊळ सुंदर आहे, असं ऐकते. आतला फोटो पाठवा म्हणून विचारू नका, माझ्याकडे एकच आहे: दोन शिंगं, मधोमध पितळी कुलूप, कोपऱ्यात मावशीचे जोडलेले हात. वेळ पाच एकोणसाठ.