पोट नको, पाठ पाहा

बायकोनं आणि मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे मेंढ्यांच्या पाठी चाचपणं. दोन महिने मी त्यांना निसता मुरघास चारला होता, पिशवीत दाबून आंबवलेला मक्याचा चारा. पोटं चांगली मोठी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटीक येणार होता. बायकोनं एका मेंढ्याच्या कण्यावर अंगठा दाबला.

"अजी, पोट काय पाहता? हाडूक लागून राहिलं बोटाले. निसत्या आंबट चाऱ्यानं पोट भरते, मास नाही भरत. संग तुरीच्या डाळीची चुरी-चुनी द्या, महिनाभर थांबा."

"मेंढे तुले समजते का मले?"

"खाटकाले तं समजते. तो बी पाठच दाबते."

मी रागानं उठून घरात गेलो. दिवेलागणीला ती गोठ्याच्या दारात कोसळली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपली.

सकाळी अंगणात माणसं जमली होती, तेवढ्यात खाटीक आला. त्याला मी परत पाठवलं.

"आता तरी बस गा," कोणीतरी म्हणालं.

मी बसलो नाही. घमेल्यात मुरघास घेतला, त्यात चुनी कालवली, घमेलं मेंढ्यांपुढे ठेवलं. मग तिला खांदा द्यायला गेलो.