बरोबरीचं बटण

माझे बाबा कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणूनच इंटरनेटवर बुद्धिबळ खेळवणाऱ्या एका साइटने ‘तुम्ही समोरच्या खेळाडूला त्रास देता, पुन्हा असं झालं तर खातं बंद करू’ अशी ताकीद त्यांना पाठवली, तेव्हा मी ती दोनदा वाचली. आधी हसले, मग भडकले. मी तेव्हा फार पटकन भडकायचे. आताही भडकते, पण थोडा उशीर लागतो.

जयपूरला घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, बाबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तिकडे गेलो आणि क्वार्टरमध्ये राहू लागलो. बाबा स्टेशन मास्टर. त्या वर्षी रेल्वेच्या दवाखान्यात डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. गाड्या सोडायचं काम गेलं आणि त्यांना ऑफिसात टेबलामागे बसवलं. पगार तोच, खुर्ची आधीपेक्षा बरी. पण ज्यांना विचारल्याशिवाय गाडी हलत नव्हती, त्यांना आता दिवसभर कुणी काहीच विचारत नव्हतं. संध्याकाळी घरी यायचे, चहा प्यायचे आणि कूलरसमोर गप्प बसून राहायचे. मला ते बघवेना.

गोपालपुरा भागातल्या माझ्या क्लाससाठी घरात जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर मी बाबांना बुद्धिबळाची साइट उघडून दिली. माउस धरायला त्यांना आठवडा लागला. पहिल्या दिवशी वजीर उचलला आणि तो मध्येच कुठेतरी सुटला, तर मलाच म्हणाले, “तुहं यंत्र बेइमान हाय.” पण महिन्याभरात रंगले. फिनलंडमधले एक निवृत्त गृहस्थ त्यांचे रोजचे भिडू झाले. त्यांच्या नावापुढे त्यांच्या देशाचा झेंडा दिसायचा, बाकी त्यांच्याबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं. बाबा त्यांना आदराने ‘फिनलंडवाले’ म्हणायचे. सहा वाजले की बाबा हातपाय धुऊन, शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर हजर. बनियनवर कधी बसले नाहीत.

“ते तुम्हाला बघू शकत नाहीत हो,” आई म्हणायची.

“मी त् बघतो ना मले,” बाबा म्हणायचे.

ताकीद आली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मागे पुस्तक घेऊन बसले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, जुना डाव उघडून बघितल्यावर. दोघांचे मोहरे सारखे उरले होते. बाबांनी बरोबरीचं बटण दाबलं होतं. फिनलंडवाल्यांनी चाल केली. बाबांनी पुन्हा बटण दाबलं. त्यांनी पुन्हा चाल केली. असं चौदा वेळा! आधीच्या काही डावांतही हाच प्रकार. शेवटी त्या भल्या माणसाने ‘कृपया थांबा’ एवढंच लिहिलं आणि तो निघून गेला.

“बाबा, भीक मागताय का?” मी ओरडले. “मतलब एकदा नाही म्हटल्यावर परत परत काय हात पसरायचे?”

बाबांचा चेहरा पडला. मला तो दिसला आणि तरी मी गप्प बसले नाही, हे आजही बोचतं.

“नाही कुठं म्हनले ते?” बाबा हळू आवाजात म्हणाले. “शेवटलोक कायीच बोल्ले नाही. म्हनून त् पुन्हा इचारलं.”

मग मला उलगडलं. रेल्वेत पुढच्या स्टेशनला लाइन मोकळी आहे का, असं विचारतात. तिकडून उत्तर आलं नाही, तर ते नाही असं धरायचं नसतं आणि हो असं तर मुळीच नाही. पुन्हा घंटी द्यायची. उत्तर येईपर्यंत देत राहायची. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून विचारणं सोडून दिलं, असं बाबांच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि रेल्वेच्या क्लबात तर बुद्धिबळ खेळताना ‘बराबर, भैया?’ म्हणून हात पुढे केला की समोरचा हात मिळवायचा, नाहीतर ‘अभी कहाँ, साब!’ म्हणून मोठ्याने हसायचा. गप्प कुणीच राहायचं नाही.

मी त्यांना साइटवरचं नियमांचं पान मराठीत करून सांगितलं. बरोबरी एकदा विचारावी. समोरच्याने चाल केली की ती नाकारली असं समजावं. डावात मोठा बदल झाल्याशिवाय पुन्हा विचारू नये. तो प्रश्न समोरच्याच्या पटावर मध्येच उगवतो आणि त्याचं लक्ष मोडतं.

बाबांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

“म्हंजे इतके दिवस मी त्या मानसाले छळत होतो?”

मी नियमांचं पान बंद केलं.

फिनलंडवाल्यांनी बाबांना ब्लॉक केलं होतं. ते खेळताना दिसायचे, पण त्यांना आव्हान जायचं नाही, निरोप जायचा नाही. दुसरे हजारो लोक तिथे होते. बाबा एकाशी दोन डाव खेळले आणि उठले. पुन्हा कूलर, पुन्हा गप्प बसणं. साइट खातं बंद करेल याची त्यांना फिकीर नव्हती. एका सज्जन माणसाने आपल्याला त्रासदायक ठरवलं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने खातं उघडायला लावलं आणि पत्र सांगितलं. ते ऑफिसच्या इंग्रजीत होतं, ‘सविनय निवेदन’ वगैरे. मी खूप छाटलं. उरलं ते असं: मी स्टेशन मास्टर होतो. माझ्या कामात उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं लागतं. तुमची चाल हेच उत्तर होतं, हे मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली. असं परत होणार नाही.

पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी त्यासमोर ‘वाचलं’ अशी खूण आली. उत्तर नाही.

चार दिवस झाले, सहा झाले. माझा संताप वाढत चालला. एवढा मोठा माणूस माफी मागतोय आणि यांना दोन शब्द टाइप करायला जड जातंय! आठव्या दिवशी मी बाबा आंघोळीला गेलेले बघून दुसरा निरोप लिहिला. तिखट नव्हता, म्हणजे फार तिखट नव्हता. पाठवणार तेवढ्यात बाबा मागे उभे. त्यांनी माझा हात धरून माउसवरून उचलला.

“एकदा कळवलं ना? आता त्याइची मर्जी.”

“पण उत्तर तर द्यायला पाहिजे ना!”

“मले बी तसंच वाटे,” बाबा म्हणाले आणि माझा निरोप स्वतः, एकेक अक्षर करून पुसला. त्यांना सगळा एकदम पुसता येत नव्हता. मी शेजारी बसून ते बघत राहिले आणि मला माझीच चीड आली.

त्यानंतर दोन दिवसांनी, सहा वाजता, बाबांच्या खात्यावर आव्हान आलं. झेंडा फिनलंडचा. पत्राबद्दल एक अक्षर नाही. बाबा आत धावले, शर्ट घालून आले, बटणं उलटसुलट लावली आणि बसले. मी आणि आई मागे उभ्या राहिलो. आईला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, तरी तिने पोळ्यांचा गॅस बंद केला होता.

डाव पुन्हा बरोबरीकडे झुकला. बाबांनी कपाळ पुसलं, माझ्याकडे बघितलं.

“एकदा इचारू?”

“एकदा चालतं, बाबा.”

त्यांनी बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. तिकडून बराच वेळ चाल आली नाही. मला वाटलं, गेला हा माणूस, आता कायमचा गेला. मग पटाखालच्या चौकटीत अक्षरं उमटली. त्या एका ‘कृपया थांबा’शिवाय ते गृहस्थ कधी काही लिहायचे नाहीत. आज लिहिलं होतं, ‘नको, धन्यवाद, स्टेशन मास्टर.’ आणि लगेच घोडा पुढे आला.

बाबांनी ते आईला वाचून दाखवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचून दाखवलं. तिकडे पटावर बाबांच्या चालीचं घड्याळ पळत होतं, मी “बाबा, चाल करा, चाल करा” म्हणून ओरडत होते, आणि बाबा आईला विचारत होते, “आयकलं ना? काय म्हनले ते मले?”

तो डाव बाबा वेळ संपून हरले. जेवताना त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.