कुत्रीच्या डोळ्यातलं कुसळ

नव्वदीच्या दशकात आम्ही केडगावला राहत होतो. एका सकाळी आमची गावठी कुत्री माळावर हिंडून आली, ती उजवा डोळा घट्ट मिटूनच. डोळ्यातून सारखं पाणी, आणि पंजाने चोळणं काही थांबेना. नवरा नागापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. पावसाळ्यात माझे डोळे आले होते, तेव्हाची औषधाची बाटली कपाटात होती. ती उघडून मी कुत्रीजवळ बसले, तोच सासूबाईंनी माझा हात धरला.

"आत काय हाय ते कळल्याबिगर थेंब घालायचा न्हाई. चल, दवाखान्यात!"

मी बघतच राहिले. कुत्रीला उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या सासूबाई! रिक्षावाला कुत्री बघून कुरकुरायला लागला, तर या तिला घेऊन आत बसल्यासुद्धा. "माझ्या मांडीवर हाय ती. तुमच्या शिटाला लागत न्हाई. चला!"

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी डोळा बधिर करणारे थेंब घातले. आम्ही दोघींनी कुत्रीला गच्च धरलं. त्यांनी चिमट्याने, कुत्र्यांना कोपऱ्यात असते ती आतली तिसरी पापणी हळूच उचलली, आणि तिच्यामागून निघालं गवताचं कुसळ! चांगलं नखाएवढं.

"निघालं! निघालं!" मी ओरडलेच.

मग त्यांनी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली. बुबुळावर हिरवी रेघ उमटली. "हा ओरखडा. रंग जखमेवरच धरतो," ते म्हणाले. मी पिशवीतली बाटली दाखवली, तसा त्यांचा चेहरा बदलला. "यात स्टेरॉइड आहे. या जखमेवर पडलं असतं तर डोळा जाऊ शकला असता. कुत्रं डोळा मिटून धरत असेल, डोळा लाल किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल, तर त्याच दिवशी आणायचं. घरचं काही घालायचं नाही."



आठवडाभर त्यांनी दिलेलं औषध चालू होतं. सासूबाई पंजे धरायच्या, मी थेंब सोडायचे. पुन्हा तपासायला गेलो, पट्टी लावली, तर हिरवं कुठंच नाही! सासूबाईंना खरं वाटेना. "नीट बघा वो डाक्टर!" शेवटी कुत्रीला दारात उजेडाला नेलं. दोन्ही डोळे टक्क उघडे! सासूबाईंनी चक्क तिचं तोंड ओंजळीत धरलं आणि भर दवाखान्यात तिचा मुका घेतला.